कुत्रे कोणाचे?

आमच्या शाळेच्या पडवीत एक तांबूस कुत्री बसलेली असते. दुपारच्या खिचडीचे पातेले खरवडून जे निघते ते तिला मिळते. शाळा सुटल्यावर ती कोठे जाते ते कोणी पाहिलेले नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा जागांतून भटकी कुत्री हलवावीत, तेथे कुंपणे घालावीत असा आदेश दिला. ती बातमी वाचून आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकखोलीत सहज प्रश्न टाकला, "ही आपली पडवीतली कुत्री आहे कोणाची?"

कोणी मान वर केली नाही. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "माझी कशाची? उरलंसुरलं टाकते, ती खाती." शिपाई म्हणाला, ती वरच्या आळीची. वरच्या आळीत राहणारे एक गुरुजी म्हणाले, छे, ती शाळेचीच. शेवटी ती कोणाचीच नाही असे एकमताने ठरले. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका पोराने तिला दगड मारला, तेव्हा हीच सगळी मंडळी त्याच्या अंगावर धावली.

मी या चर्चेत बोललो नाही. हा प्रश्न मला नवा नव्हता. छत्तीस वर्षांपूर्वी तो आमच्या वस्तीवर विचारला गेला होता, आणि तेव्हाही मी गप्पच होतो. ते पुढे सांगतो. त्या वेळेपासून मला एक नाद लागला आहे. कोठे जुन्या कायद्याचे पुस्तक हाती पडले की मी आधी त्यात कुत्रे शोधतो. मी काही कायदा शिकलेला माणूस नव्हे. पण कुत्र्याचा पाठलाग करता करता मला बराच इतिहास वाचावा लागला.

सर्वांत जुने कुत्रे सापडते ते आजच्या इराकात. दियाला नदीच्या काठी एश्नुन्ना नावाचे एक नगरराज्य होते. त्याचे कायदे कोरलेल्या मातीच्या विटा बगदादजवळच्या तेल हरमल या टेकाडात १९४५ ते १९४७ च्या सुमारास मिळाल्या. काळ म्हणजे इसवी सनापूर्वी अठराशे वर्षांच्या आसपासचा. त्यात छप्पन्नावे कलम कुत्र्याचे आहे. कुत्रे द्वाड असेल, वेशीने ते मालकाच्या कानावर घातले असेल, तरी मालकाने कुत्रे आवरले नाही, ते माणसाला चावले आणि माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी तोलून द्यावी. मेलेला माणूस गुलाम असेल तर पंधरा शेकेल. जो शब्द मी 'द्वाड' असा लिहिला त्याचा अर्थ काही पंडित 'पिसाळलेले' असा घेतात, आणि मग कुत्रे पिसाळण्याचा हा जगातला पहिला लेखी उल्लेख ठरतो.

चाळीस शेकेल म्हणजे किती, ते त्याच कायद्यातून काढता येते. मोलकरी माणसाचा महिन्याचा पगार त्यात एक शेकेल चांदी आणि वर पोटाला जव असा ठरवून दिला आहे. म्हणजे शेजाऱ्याचे कुत्रे चावून गडी मेला तर तीन वर्षे चार महिन्यांची मजुरी, आणि गुलाम मेला तर सव्वा वर्षाची. हिशेब मोठा चोख होता.

पण माझे लक्ष त्या चांदीकडे नाही. ते 'कानावर घातले असेल' या चार अक्षरी अटीवर खिळून राहते. सांगायचे कोणी, तर वेशीने. मूळ शब्द 'बाबतुम' असा आहे. 'बाब' म्हणजे दरवाजा, आणि त्या दरवाजाच्या आतली वस्ती ती बाबतुम. आपली वेस म्हणजे तरी दुसरे काय! त्या वेशीने मालकाला बजावले असेल तरच तो गुन्हेगार. बजावले नसेल तर तो सुटला. बैलाच्या बाबतीतही हीच अट आहे, आणि पुढे यहुद्यांच्या धर्मग्रंथात मारक्या बैलाच्या मालकाला देहान्त सांगितला आहे तोदेखील त्याला आधी सांगितले असेल तरच. माणसाने माणसाला जाऊन सांगणे, एवढ्या एका गोष्टीवर चार हजार वर्षांपूर्वीचा न्याय उभा होता.

आता, मालक कोणाला म्हणायचे? शहरातल्या वाचकाला हा प्रश्न पडणार नाही. त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याचे दुसरे टोक मालकाच्या हातात असते. आमच्या माणदेशात अशी सोय नाही. कुत्रे विकत घ्यायचे नसते. मेंढक्यांचा वाडा शेतात उतरला की त्यांच्याकडून एखादे पिल्लू मागून आणायचे, नाहीतर ते आपोआप येऊन उकिरड्यावर बसते. त्याला कोणी बांधत नाही. बांधले तर राखण कशी करील? ते चार वस्त्यांवर हिंडते, चार घरी खाते. मालकी कळते ती संध्याकाळच्या भाकरीवरून. दिवेलागणीला ज्या दारात ते शेपूट हलवीत उभे राहते त्या दारचे ते कुत्रे. मात्र ही मालकी तोंडी असते आणि सोयीची असते. कुत्र्याने चोर धरला तर ते आमचे. कोंबडी धरली तर ते गावचे.

ही पळवाट इंग्लंडातल्या एका राजाने हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने (राज्यकाल ८७१ ते ८९९) जे कायदे संकलित केले त्यांत कुत्र्याच्या चाव्याचे दर ठरवून दिले आहेत. पहिल्यांदा चावले तर सहा शिलिंग. मालकाने त्यानंतरही त्याला खायला घातले आणि ते दुसऱ्यांदा चावले तर बारा, तिसऱ्यांदा तीस. कुत्रे पळून गेले तरी भरपाई द्यावीच लागेल. यात 'खायला घातले' हे शब्द आहेत, ते मला फार मोलाचे वाटतात. मालकाला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होता की नव्हता याचा पुरावा शोधीत राजा बसला नाही. चावल्यावर भाकरी घातलीस? मग तुला ठाऊक होते, आणि ते तुझेच आहे. आमच्या खिचडीवाल्या बाई या न्यायालयातून सुटल्या नसत्या.

कुत्रे ठेवायचे तर आवरायचे कसे, याचे उत्तर त्याहून जुने आहे. अथेन्सचा सोलोन इसवी सनापूर्वी ५९४ मध्ये सत्तेवर आला. त्याचे चरित्र प्लुटार्कने नंतर सुमारे सात शतकांनी लिहिले. त्यात तो सांगतो की, जनावरांनी केलेल्या नुकसानीबद्दल सोलोनने एक कायदा केला होता. चावलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तीन हात लांबीचे लाकूड अडकवून ते चावा खाल्लेल्याच्या स्वाधीन करायचे. प्लुटार्क या युक्तीचे कौतुक करतो. मी ते वाचले तेव्हा मोठ्याने हसलो. अहो, हे आपले लोढणे! ओढाळ गुराच्या गळ्यात बाभळीचा ओंडका बांधतात, पळायला गेले की तो गुडघ्यांवर आपटतो. द्वाड कुत्र्यालाही आमच्याकडे तेच. फरक इतकाच, की आमच्या लोढण्याचे माप कोणी लिहून ठेवले नाही. सुताराकडे ढलपा मिळेल तेवढे लोढणे.

रोमने निराळाच मार्ग धरला. जेथे लोकांची ये-जा असते तेथे कुत्रे, रानडुक्कर, अस्वल, सिंह असली जनावरे ठेवू नयेत असा तेथील नगराधिकाऱ्यांचा हुकूम होता, आणि जनावराने नुकसान केले तर दुप्पट भरपाई. सिंहाच्या पंगतीला कुत्रे बसवलेले पाहून त्याचा मान वाढला म्हणायचे की काय कोण जाणे.

आणि राजेलोकांनी कुत्रे आवरले ते कोणासाठी? इंग्लंडात १२१७ साली तिसऱ्या हेन्रीच्या नावाने रानाची सनद निघाली. तीत असे आहे की राजाच्या रानाजवळ राहणाऱ्यांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटून टाकावीत, म्हणजे ती हरणांमागे धावणार नाहीत. दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी आणि कोणाचे कुत्रे न छाटलेले आढळले तर त्याला तीन शिलिंग दंड. आल्फ्रेडचे सहा शिलिंग माणसाच्या मांडीसाठी होते. हे तीन शिलिंग हरीण धरण्याच्या नुसत्या शक्यतेसाठी.

आपल्याकडचे स्मृतिकार कुत्र्याचे नाव वेगळे घेत नाहीत. 'शिंगांची' आणि 'दाढांची' जनावरे असे दोन वर्ग ते करतात. याज्ञवल्क्य म्हणतो, अशा जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवण्याची शक्ती असून जो मालक सोडवीत नाही त्याला पहिल्या पायरीचा दंड करावा. याज्ञवल्क्याच्याच मोजमापाने तो २७० पण होतो. आणि सापडलेल्या माणसाने ओरडून हाक दिली असेल, तरीही मालक हलला नसेल, तर दंड दुप्पट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नियम हाच आहे. एश्नुन्नात वेस सांगते, येथे चावा खाणारा स्वतः ओरडून सांगतो. पण जागा तीच. तुझ्या कानावर आले होते की नाही?

आता आमच्या वस्तीवर येतो.

१९८९ सालचा पावसाळा संपत आला होता. मी नऊ वर्षांचा होतो. आमची वस्ती गावापासून मैलभर माळावर; शेजार म्हणजे ओढ्यापलीकडची तात्यांची वस्ती. आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. वडील, म्हणजे आमचे आबा, त्याला रात्री भाकरी घालीत. सकाळी तो माझ्याबरोबर शाळेच्या वाटेवर ओढ्यापर्यंत येई आणि दप्तराचा वास घेऊन परत फिरे. तेवढ्यावरून तो माझा आहे असे मी समजत होतो.

एके दुपारी ओढ्यापलीकडच्या काकी आल्या. आबा बाजाराला गेलेले, आई भांगलणीला. मी एकटाच सोप्यात होतो. काकी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"आबास्नी सांग, तुमचा मोत्या माझ्या पोरांच्या अंगावर येतोय. काल करडाला धरलं. बांधून घाला म्हणावं, न्हाईतर लोढणं अडकवा. सांगशील न्हवं?"

"सांगतो," मी म्हणालो.

काकी ओढा उतरून गेल्या. मी आबांना सांगितले नाही. विसरलो असे मी पुढे पुष्कळ दिवस मनाला सांगत होतो, पण विसरलो नव्हतो. गावातल्या एका कुत्र्याला लोढणे होते, त्याचे गुडघे सोललेले मी पाहिले होते, माश्या बसत. मोत्याचे तसे होऊ नये असे मला वाटले, बस्स. त्या रात्री आबा जेवत असताना दोनदा शब्द ओठावर आला. मोत्या दारात उभा होता. आबांनी त्याला भाकरी टाकली आणि मी माझ्या ताटातली अर्धी टाकली.

पंधरा दिवसांनी मोत्याने काकींच्या धाकट्याची पोटरी फोडली. पोर सहा वर्षांचे, त्या वर्षी नुकतेच पहिलीत बसलेले. शाळेला निघाले होते.

दिवस मावळायच्या आत चार वस्त्यांवरची पोरे काठ्या घेऊन आली. आबा दारात उभे होते. ते मधे पडले नाहीत. मी गोठ्यात जाऊन कानांत बोटे घातली, तरी ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी तात्या पोराला खांद्यावर घेऊन तालुक्याला गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्रं कुठे आहे?" हा प्रश्न का विचारतात ते तेव्हा वस्तीवर कोणालाच ठाऊक नव्हते. चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट राहिले तर चावले त्या दिवशी त्याच्या लाळेत विष नव्हते असे समजतात. बहुधा मोत्या अकराव्या दिवशीही धडधाकट राहिला असता. पण तो ओढ्यात पुरलेला होता. तेव्हा पोराला चौदा इंजेक्शने, रोज एक, पोटात.

ती लस कसली होती हे मला मोठेपणी कळले. १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल या डॉक्टरने ती तयार केली. मेंढीला रोगाची लागण करून तिचा मेंदू काढायचा आणि त्यातले विष मारून तो पाण्यात कालवून टोचायचा. डोस मोठा, पोट सुजून येई, आणि क्वचित कोणाला त्या मेंदूच्या अंशामुळेच लकवा होई. जवळजवळ शतकभर हिंदुस्थानातल्या गोरगरिबांनी हीच लस घेतली; २००४ च्या अखेरीस सरकारने तिचे उत्पादन थांबवले. आता दंडात चार-पाच सुया पुरतात. आमच्या मेंढरांच्या मुलखातल्या पोराला मेंढीच्याच मेंदूने वाचवावे हा योगायोग मला त्या वेळी कळला असता तर गंमत वाटली असती की भीती, सांगता येत नाही.

चौदा दिवस तात्यांनी पोराला यष्टीने नेले-आणले. चौदा दिवसांची मजुरी बुडाली. भाड्याला पैसे नाहीत म्हणून शेळी विकली. मग मारुतीच्या देवळापुढे चार जाणती माणसे बसली. इतिहासाच्या पुस्तकात 'गोतसभा' वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती चार माणसे येतात, एकाच्या तोंडात तंबाखू होती.

आबा म्हणाले, "कुत्रं माझं एकट्याचं न्हवं. सगळ्या वस्त्यांवर खायाचं."

एक जाणता म्हणाला, "रातची भाकर कोण घालायचं?"

आबा गप्प झाले. आल्फ्रेड राजाने केला असता तोच प्रश्न त्या निरक्षर म्हाताऱ्याने केला होता. मग दुसरा प्रश्न निघाला. तात्या म्हणाले, आम्ही आधी सांगितले होते. आबा ताडकन उठले, मारुतीच्या पायरीला हात लावून म्हणाले, "मला कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्याच दिवशी लोढणं घातलं असतं."

ते खरे होते. आबा शब्दाचे पक्के होते, घातले असते.

काकींना विचारले, "कुणाला सांगितलं हुतं?" मी खांबाला टेकून बसलो होतो. काकींनी माझ्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले कोण जाणे, मला ते फार वाटले. मग पदर पुढे ओढून त्या म्हणाल्या, "घरी सांगितलं हुतं." आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत.

पंचांनी निवाडा दिला. भाकरी आबांची म्हणून कुत्रे आबांचे, पण सांगितल्याचा पुरावा नाही म्हणून अर्धाच खर्च. एश्नुन्नाच्या न्यायाधीशाने तोही दिला नसता.

हे प्रकरण मनातून जाईना म्हणून मी वाचीत गेलो. त्यात एक दिवस पाश्चरच्या गोष्टीपाशी अडलो. ती गोष्ट आपण शाळेत शिकवतो. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका पोरावर लसीचा पहिला प्रयोग केला आणि पोर जगले. पोराचे नाव जोसेफ माइस्टर, वय नऊ, गाव अल्सासमधले. जे आपण शिकवत नाही ते असे, की पॅरिसला पाश्चरच्या दारात त्या सकाळी तीन माणसे उभी होती. पोर, पोराची आई, आणि ज्याच्या कुत्र्याने पोराला चौदा ठिकाणी फोडले होते तो वाणी, तेओदोर व्होन. कुत्रा त्याच्याही हातावर झडप घालून गेला होता, पण दात सदऱ्यातून आत गेले नव्हते. म्हणून पाश्चरने त्याला परत जायला सांगितले. पोराला पुढच्या दहा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या. कुत्रा तेथेही मारलाच होता, मालकानेच. त्याचे पोट फाडून पाहिले तर गवत, पेंढा, लाकडाचे तुकडे निघाले. तो पिसाळला होता याचा एवढाच पुरावा.

मालक आणि चावलेल्या पोराची आई एका गाडीतून पॅरिसला गेली. वाटेत काय बोलली असतील? पुस्तकात ते नाही. आबा काही तात्यांबरोबर तालुक्याला गेले नाहीत.

इंग्रजांच्या कायद्याने मात्र शेवटपर्यंत ती जुनी अट सोडली नाही. मालकाला आपल्या कुत्र्याची खोड ठाऊक होती हे चावा खाल्लेल्याने सिद्ध करायचे. म्हणून लोक थट्टेने म्हणत, की प्रत्येक कुत्र्याला एक चावा फुकट. यावर पहिली बोंब कोणी मारली असेल, तर मेंढपाळांनी. १८५५ साली स्कॉटलंडमधल्या मेंढ्या मारणाऱ्या कुत्र्याचा एक खटला थेट उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला, आणि तेथेही मालकाचा दोष दाखवावा लागेल असेच ठरले. धनगर खवळले. १८६३ मध्ये स्कॉटलंडसाठी आणि १८६५ मध्ये इंग्लंडसाठी कायदा झाला, की कुत्र्याने मेंढरू किंवा गुरू मारले तर मालकाला खोड ठाऊक होती की नव्हती हे विचारायचेच नाही, भरपाई द्यायची. पोर फाडले तर मात्र नुकसानभरपाईसाठी ती अट कायम राहिली. मेंढीच्या मागे मेंढीवाले उभे होते, पोराच्या मागे फक्त त्याची आई.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत २८९ वे कलम आले. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका संभवत असता जो जाणूनबुजून किंवा हयगयीने बंदोबस्त करीत नाही त्याला सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. 'हयगयीने' हा शब्द येथे नवा आहे आणि मोठा आहे, कारण हयगय करायला कोणी येऊन सांगावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी नव्या न्यायसंहितेचे २९१ वे कलम आले आणि दंड पाच हजारांवर गेला. आमच्या वस्तीवर हे कलम कोणाला ठाऊक नव्हते हे बरेच झाले. आबा आत गेले असते.

हे सगळे कायदे एक गोष्ट धरून चालतात, की कुत्र्याला मालक असतो. मालकच नाही असे म्हटले की ते लंगडे पडतात, आणि मग सरकार काठी उचलते. १८३२ साली मुंबईत ते झाले. भटकी कुत्री मारायची, दर कुत्र्यामागे आठ आणे. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घराच्या उंबऱ्यावरची कुत्रीही ओढू लागले. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, लोक बिथरले. शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला पावाची भ्रांत. शिपाई ज्याला भटके म्हणत होता त्याला गल्ली आपले म्हणत होती, आणि गल्लीचे कुत्रे कोणत्या वहीत लिहायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८३४ साली मुंबईत पांजरापोळ निघाले ते या घटनेच्या पाठोपाठच.

२००१ च्या नियमांनी मारणे थांबवले. नसबंदी करायची, लस टोचायची आणि कुत्रे उचलले तेथेच नेऊन सोडायचे. २०२३ च्या नियमांनी त्यांना नवे नाव दिले, समाजाची जनावरे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात म्हटले, की त्यांना खाऊ घालायचे तर नेमून दिलेल्या जागीच. भाकरीचा अर्थ बदलला तो असा. आल्फ्रेडच्या राज्यात भाकरी घालणारा मालक ठरत होता. आता भाकरी घालण्याची जागा ठरते, मालक ठरत नाही. शहरांत ते कसे चालेल ते शहरवाल्यांनी पाहावे. आमच्याकडे समाजाचे जनावर म्हणजे पुन्हा तेच, कोणाचेच नाही.

आबा २०११ साली गेले. त्यांना मी कधीच सांगितले नाही. काकी त्यांच्या आधी दोन वर्षे गेल्या.

काकींचा तो धाकटा आता ओढ्यापलीकडची वस्ती सांभाळतो. चाळिशी ओलांडली आहे, मला 'मास्तर' म्हणतो. त्याच्याकडे एक काळे कुत्रे आहे. मागच्या हिवाळ्यात ते दोनदा माझ्या मोटरसायकलीच्या मागे लागले, आणि एकदा शाळेच्या मुलींच्या. मी तीन दिवस जाऊ की नको करीत होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी ओढा ओलांडून गेलो.

"तुझं कुत्रं अंगावर येतंय," मी उभ्यानेच म्हणालो. "पोरींच्या मागे लागलं. तुला सांगून ठेवतो."

"बरं केलं सांगितलंसा," तो म्हणाला. "बसा की. च्या घ्या."

मी बसलो. चहा झाला. तो कुत्र्याला हाका मारीत होता, ते लांब उभे राहून अंदाज घेत होते. मग मी त्याला ते सांगितले. भांगलणीची दुपार, काकी उंबऱ्यात, 'सांगतो' म्हणालो ते. सांगताना मी त्याच्या पोटरीकडे पाहात होतो.

त्याने सगळे ऐकून घेतले. "मला ठावं हाय," तो म्हणाला. "आई बोलली हुती. ती म्हणायची, बारक्या पोराकडं निरोप ठेवला ही माझीच चूक. आबा घरी यीस्तवर बसायला पायजे हुतं."

मग तो उठला, गोठ्याच्या वळचणीला हात घालून कुऱ्हाड काढली आणि बांधावरच्या बाभळीकडे गेला. केवढे तोडू, असे त्याने तेथून ओरडून विचारले. मी हात लांब करून दाखवले.